तुकड्यातुकड्यांचा सागरी रस्ता

मुंबईत येणाऱ्या पाहुण्यांना वांद्रे-वरळी सागरी सेतू दाखवण्याची आता रीतच पडली आहे. ५.६ किलोमीटरचा प्रवास, डोक्यावर ताणलेल्या तारा, डाव्या हाताला माहीमचा उपसागर! जून २००९ मध्ये सेतू सुरू झाला तेव्हा मुंबईकर हरखून गेले. पण वरळीला उतरताच गाडी पुन्हा गर्दीत सापडे आणि सेतूवर वाचलेली मिनिटे हाजी अलीच्या सिग्नलपाशी खर्च होत. पुढचा सेतू कागदावरच राहिला. तब्बल पंधरा वर्षे हा राजमार्ग असा अर्ध्यावरच संपत होता.

मग महानगरपालिकेने दक्षिणेकडून सागरी किनारा मार्ग बांधायला घेतला. मरीन ड्राइव्हहून निघालेला हा रस्ता मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांनी जातो आणि पुढे समुद्रातल्या भरावावरून वरळी गाठतो. मार्च २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली. आता सेतू आणि रस्ता समोरासमोर उभे होते. मध्ये उरली होती पाण्याची एक पट्टी.

नेमक्या त्याच पट्टीतून वरळी कोळीवाड्याच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून मासेमारीला निघतात. जोडपुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचे ठरले होते. कोळी बांधवांनी हरकत घेतली : वारा फिरला, पाणी ओढू लागले की होडी खांबावर आदळायला वेळ लागत नाही. तज्ज्ञांचे आकडे त्यांना पटेनात. पटावेत तरी कसे? वादळात सुकाणू धरायचे ते त्यांनीच! त्यांनी होड्या आडव्या घालून काम रोखले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर अंतर मान्य केले. आराखडा बदलला, मधला एक खांब वगळला आणि सुमारे दोन हजार टनांची पोलादी कमान तराफ्यावरून आणून बसवण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये एक बाजू जोडली गेली, जानेवारी २०२५ मध्ये दुसरी.

दुचाकीला या मार्गावर मज्जाव आहे. मात्र कोळीवाड्यातल्या वरळी किल्ल्यापर्यंत पायी गेले की सेतू अगदी समोर दिसतो. वाटेत सुकत घातलेल्या मासळीचा वास येणारच. नाक मुरडू नये. वांद्र्याच्या उत्तरेला वर्सोव्यापर्यंतच्या सेतूचे काम अजून चालू आहे. वर्सोव्यालाही कोळीवाडा आहे.