मूग आणि मटकी

चैत्री ओळीचा चौथा दिवस उपाध्याय पदाचा, म्हणून हिरव्या रंगाचा. नगरच्या डाळमंडईतील एका व्यापारी घरात दादींचे मुगाचे आयंबील होते. अरिहंतांचे पांढरे तांदूळ, सिद्धांचे लाल गहू, आचार्यांचे पिवळे हरभरे, उपाध्यायांचे हिरवे मूग, साधूंचे काळे उडीद आणि उरलेल्या चार दिवसांना पुन्हा तांदूळ. नवपदांची ही मांडणी ज्या घरात पाळली जाते, तेथे रंग आणि संख्या यांचा पाठ निराळा शोधावा लागत नाही.

दादींना त्या पाठाची गरजही होती. चार वर्षांच्या नातवाच्या बालवर्गातून चिठ्ठी आली होती : मुलाला रंग ओळखता येत नाहीत, लक्ष देत नाही, घरी सराव घ्यावा. वडील रोज रात्री दुकान बंद करून आले की रंगीत पत्ते घेऊन बसत. चौथ्या-पाचव्या पत्त्यापर्यंत त्यांचा आवाज चढे आणि मुलगा गप्प होई. धान्याचा कस एका नजरेत पारखणाऱ्या घरात हा असा कसा निघाला, हे वाक्य मुलाच्या देखत एकदा नव्हे, अनेकदा उच्चारले गेले.

दादींनी ताटात तांदूळ, हरभरे, उडीद, मूग आणि मटकी एकत्र मिसळून पाच वाट्या मांडल्या. मुलाने तांदूळ, हरभरे, उडीद भराभर वेचले. मग मात्र मूग आणि मटकी एकाच वाटीत टाकली आणि पाचवी वाटी रिकामी ठेवली.

“दादी, ही वाटी जास्त झाली.”

दादींनी त्याला रागावण्याऐवजी त्या वाटीतले दाणे मोजायला सांगितले. एकेका दाण्यावर बोट ठेवत, तो बाजूला सरकवत त्याने तेरापर्यंत अचूक मोजले. केवळ पाठ म्हणणे निराळे आणि एका दाण्याला एकच अंक देत मोजणे निराळे. गणिताचा पाया या दुसऱ्या कौशल्यात असतो. तेव्हा बुद्धी आणि लक्ष दोन्ही जागेवर होते. अडत होते ते केवळ हिरव्या आणि तपकिरीपाशी.

दादींनी सुनेला बोलावले. सून क्षणभर स्तब्ध झाली. तिचे माहेर श्रीरामपूरचे. वडिलांचे कापडाचे दुकान. साडीला जुळणारे ब्लाऊजपीस काढायची वेळ आली की नाना नेहमी नोकराला हाक मारीत. हा त्यांचा शेठपणा, असेच सर्वांना वाटत आले होते.

नेत्रतज्ज्ञांनी ठिपक्यांची चित्रे दाखवली. अंक न वाचणाऱ्या मुलांसाठी त्यांत बोटाने गिरवायच्या वाटा असतात. निदान झाले : लाल-हिरव्या रंगांचे अंधत्व, जन्मजात. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. बहुधा मातेला स्वतःला त्रास नसतो, पण आजोबांकडून तो तिच्यामार्फत नातवाकडे पोहोचू शकतो. म्हणूनच तो मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. त्यावर औषध नाही. पण दृष्टी त्यामुळे अधू होत नाही आणि शिक्षण अडत नाही. रेल्वेचालक किंवा वैमानिक यांसारख्या काही व्यवसायांत मात्र अडचण येते, म्हणून ते लवकर कळलेले बरे.

नाना नगरला आले. शाळेत झाडाची पाने तपकिरी रंगवली म्हणून गुरुजींनी छडी मारली होती, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले. साठ वर्षे ते कोणाजवळ बोलले नव्हते. मुलाचे वडील मान खाली घालून ऐकत होते. त्या रात्री रंगीत पत्ते कपाटात गेले.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, बिया मुलांच्या हाती दिल्या. अशा साधनांचा लाभ केवळ स्वस्ताईचा नाही. मूल वस्तू हाताळते, तेव्हा ते कोठे अडते हे मोठ्यांना दिसते. पत्ता दाखवून विचारलेल्या प्रश्नाला बरोबर किंवा चूक एवढेच उत्तर मिळते; वाट्यांत वेचलेले धान्य त्यामागचे कारणही सांगते.

मन, वचन आणि काया या तिन्हींनी हिंसा टाळावी, हे आपल्या घरांत पाठशाळेपासून शिकवले जाते. पाण्यातील सूक्ष्म जीवांची काळजी घेणाऱ्या घरात चार वर्षांच्या मुलावर झालेली वचनाची हिंसा मात्र सराव या नावाखाली चालून गेली. म्हणून मूल रंगांत सतत चुकत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

नातू आता मूग आणि मटकी वेगळी करतो. रंगावरून नव्हे, दाणा बोटांत फिरवून, त्याचा आकार पाहून. त्याला थोडा वेळ लागतो आणि घरातले तेवढा वेळ थांबतात.