परसात गिऱ्हाईक नसतं

लाल सालीचं पेअर घरी लावू नये, असं मी कितीतरी वर्षं सांगत आले. आम्ही ऑरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. इथल्या मराठी घरांतून मार्च उजाडला की फोन येतात, यंदा परसात काय लावू म्हणून. माझं उत्तर ठरलेलं असायचं : पेअर लाव, इथली हवा त्याच्यासाठीच आहे, पण साधं हिरवं बार्टलेट लाव, लालच्या नादी लागू नकोस. फळ तेच, चव तीच, वर फक्त रंग. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी हिरवं लावलं त्यांची झाडं छान आहेत, त्यांना भरभरून फळं येतात. पण लाल नको म्हणण्यासाठी मी जे कारण देत होते, ते आता मला पटत नाही. ते का, हे नीट सांगायला हवं.

आधी ते मत आलं कुठून, ते सांगते. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, हापूसच्या कलमांचं. रंगावरून आंबा घेणाऱ्याला आंब्यातलं काही कळत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आंब्याचे खांदे बघायचे, देठाशी पडलेला खड्डा बघायचा, वास घ्यायचा. कार्बाइड घालून पिकवलेला आंबा पिवळाधमक दिसतो आणि आत आंबट निघतो, हेही पाहिलेलं. रंग म्हणजे बाजार, असं डोक्यात पक्कं बसलं होतं.

अमेरिकेत आल्यावर त्याला आणखी पुरावा मिळाला तो रेड डिलिशस सफरचंदाचा. जास्त लाल फळ देणारी फांदी दिसली की तिच्या काड्या घेऊन कलमं करायची, त्यातून आणखी लाल निवडायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. साल गडद होत गेली, जाड झाली, आणि चव मागे पडली. अनेक दशकं या देशात सर्वांत जास्त पिकणारं ते सफरचंद. 2018 च्या सुमारास गाला या सफरचंदाने त्याला मागे टाकलं. रंगाच्या मागे लागलं की काय होतं याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही, आणि आजही ते मी देते.

आमच्या परसात मात्र लाल पेअरचंच झाड आहे. घर घेतलं तेव्हा ते होतंच. बुंध्याशी पत्र्याची चिठ्ठी होती, तिच्यावर नाव ‘मॅक्स रेड बार्टलेट’. त्याच्या फांद्या छाटून त्यावर हिरव्या बार्टलेटची कलमं बांधायची असं मी ठरवलं होतं. दरवर्षी फेब्रुवारीत विचार करायचे आणि दरवर्षी काही ना काही कारणाने ते राहून जायचं.

या झाडाचं कूळ मला नंतर कळलं. इंग्लंडमधल्या बर्कशर परगण्यात आल्डरमास्टन गावी 1770 च्या आसपास एका शाळामास्तरांना बार्टलेटचं मूळ झाड सापडलं. विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने त्याची कलमं करून विकली, म्हणून तिकडे ते विल्यम्स. अठराव्या शतकाच्या शेवटी काही झाडं मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीला आली. पुढे ती जागा इनॉक बार्टलेट यांनी विकत घेतली. झाडाचं मूळ नाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी ते आपल्या नावाने पसरवलं. आणि मग 1938 साली वॉशिंग्टन राज्यात, याकिमा खोऱ्यातल्या झिला गावी, एका बार्टलेटच्या झाडावर एकच फांदी लाल फळं धरून बसलेली दिसली. कोणी संकर केला नव्हता की निवड केली नव्हती. एका डोळ्यात आपोआप बदल झाला आणि त्या डोळ्यातून फुटलेली फांदी वेगळी निघाली. आमच्या परसातलं झाड म्हणजे कलमाकलमाने आलेली तीच फांदी.

हा बदल कायमचा पक्का नसतो. आमच्या झाडाची दक्षिणेकडची एक जाड फांदी काही वर्षांपूर्वी पुन्हा हिरवी झाली. फळं नसतानाही ती ओळखू येते : बाकीच्या झाडाची कोवळी पालवी तांबूस असते, हिची पालवी साधी हिरवी. तिच्यावर फळं येतात ती हिरवी, आणि ती पिकल्यावर पिवळी होतात. दोन्हींच्या सीमेवर एखाद्या वर्षी पट्ट्याचं फळ धरतं. गेल्या उन्हाळ्यात धरलेलं मी बराच वेळ हातात घेऊन बघत बसले होते. देठापासून खाली बेंबीपर्यंत, बोटभर रुंदीचा हिरवा पट्टा. दोन्ही कडा सुरीने कापाव्या तशा सरळ. पट्ट्याच्या एका बाजूला मरून साल, तिच्यावर बारीक फिके ठिपके. पट्ट्यातही तेच ठिपके, फक्त तपकिरी. बोट फिरवलं तर कुठे लाल संपलं नि कुठे हिरवं लागलं ते कळत नव्हतं.

बागायतदार अशी फांदी दिसली की कापून टाकतात. मी ठेवली, कारण माझं म्हणणं सिद्ध करायला ती आयतीच मिळाली होती. एकच बुंधा, एकच माती, तेच पाणी. घरी पाहुणे असताना दोन्ही फांद्यांची फळं सारखी पिकवली, सोलून फोडी केल्या, आणि सगळ्यांना डोळे मिटून खायला लावल्या. कोणालाही फरक सांगता आला नाही. मलाही नाही. माझं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं.

मत बदललं ते त्यानंतर, गणपतीत.

बार्टलेटची काढणी आमच्याकडे ऑगस्टच्या मध्याला होते. चतुर्थी ऑगस्टअखेर आली तर फळं पिकवायची जरा घाई होते, सप्टेंबरात आली तर बरोबर जमतं. त्या वर्षी आई राजापूरहून आलेली होती. पूजेची तयारी चालली होती, आणि मी टोपलीतून गणपतीपुढे ठेवायला फळं निवडत होते. आई वाती वळता वळता म्हणाली, “सगळी लालच घेतलीस गं?” मी म्हटलं, “देवापुढे बरी दिसतात.” आई काही बोलली नाही, तिच्या वाती चालू राहिल्या. पण माझा हात थांबला. टोपलीत दोन्ही रंगांची फळं होती, दोन्हींची चव एकच आहे हे मीच सगळ्यांना पटवून दिलं होतं, आणि तरी देवासाठी निवडताना मी दरवर्षी लालच उचलत आले होते. गणपतीला रक्तचंदन, गणपतीला तांबडं जास्वंद. त्यासाठी मी इथल्या थंडीत जास्वंदाची कुंडी घरात उचलून आणते, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत खिडकीपाशी जपते. जास्वंदाची चव कोण विचारतं? तिथे रंग हेच सर्वस्व आहे, आणि त्यात काही उथळ आहे असं माझ्या मनातही कधी आलं नाही.

मग रंगाबद्दलचा माझा राग नेमका कशावर होता? विचार करताना लक्षात आलं की तो विकण्यावर होता. दुकानात रंग दाखवतो तो विकणारा, आणि तो बघून भुलतो तो घेणारा. दोघांचं हित वेगळं असतं, म्हणून रंगाकडे संशयाने बघायचं. रेड डिलिशसची चव गेली ती कोणीतरी लांबच्या गिऱ्हाईकासाठी रंग निवडत राहिलं म्हणून. परसात गिऱ्हाईक नसतं. झाडाला पाणी घालणारी मी, एप्रिलच्या पावसात तांबूस पालवी बघणारी मी, जूनमध्ये विरळणी करताना शिडीवर चढून त्या गर्द कोवळ्या फळांत हात घालणारी मी, आणि खाणारीही मीच. झाड वर्षभर समोर असतं, फळ खाऊन महिनाभरात संपतं. एवढ्या काळाच्या सोबतीत डोळ्यांना जे मिळतं ते फुकट गेलं, हिशोबात धरायचं नाही, असं म्हणण्याला काय अर्थ आहे? बाजारात वागण्याचा नियम मी घराच्या अंगणाला लावत होते. बाजारात तो अजूनही बरोबरच आहे; दुकानात लाल पेअरला जादा पैसे मी आजही देत नाही.

हे मान्य केल्यावर लाल झाडाच्या बाकीच्या गोष्टीही मला वेगळ्या दिसू लागल्या. हिरव्यापेक्षा ते थोडं कमी जोमाने वाढतं आणि फळही जरा कमी देतं. व्यापारी बागेत हा तोटा. पेअरचा स्वभाव सरळ आभाळाकडे धावायचा, त्यामुळे लहान परसात थोडं हळू वाढणारं झाड मला तरी हवंसं वाटतं.

खरी अडचण एक आहे, ती लपवणार नाही. हिरवं बार्टलेट पिकताना पिवळं होऊन सांगतं. लाल तसं स्पष्ट सांगत नाही. मरून रंग जरा उजळतो, तेवढंच. आणि पेअर झाडावर पिकू द्यायचं नसतं, आतून गाभ्यापाशी तपकिरी पडून कुजतं, बाहेरून मात्र धडधाकट दिसतं. पाडाला आलेला आंबा उतरवून आढीत घालतात, त्या घरातल्या मुलीला हे शिकवावं लागलं नाही. फळ हातात धरून आडवं उचलायचं. देठ फांदीपासून सहज सुटला तर काढणी आली. आता मी आधी हिरव्या फांदीकडे बघते. तिचा हिरवा फिका पडला की लालवर हात घालते. पूर्वी जी फांदी लालविरुद्धचा पुरावा म्हणून ठेवली, ती आता लालचीच काढणी सांगते.

आढी घालतानाचा फरक थंडीचा. आंब्याला पेंढ्याची ऊब लागते, पेअरला आधी गारवा. काढल्यावर फळं आठवडा-दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवावी, मग बाहेर काढून खोलीत ठेवावी. चार-सहा दिवसांत एकसारखी पिकतात. घाई असेल तर कागदी पिशवीत केळ्याबरोबर. देठाजवळच्या मानेला अंगठ्याने हलकेच दाबावं. मान किंचित दबली की त्याच दिवशी खावं, उद्यावर टाकू नये.

आणि सालीसकट खावं. शिजवलं की लाल जातो, मातकट होतो. मुरांब्याला, चटणीला किंवा बरण्या भरायला हिरव्या फांदीची फळं सोलून घ्यावी, तिथे लाल वाया घालवू नये. लाल पेअरची कोशिंबीर करते : घट्ट दही, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. फोडी जरा करकरीत असतानाच चिरायच्या, साल ठेवून. पांढऱ्या दह्यात त्या लाल कडा दिसतात तेव्हा पानात आधी तिकडेच हात जातो. पूर्वी मी ह्याच फळाची साल काढून कोशिंबीर करत असे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र हे वाचून रोप शोधायला निघू नये. बार्टलेटला हिवाळ्यात सातशे-आठशे तास तरी कडाक्याची थंडी लागते. पुण्या-नाशिकला सोडा, महाबळेश्वरलाही ती मिळत नाही. हिमाचलात आणि काश्मीरमध्ये लाल बार्टलेट होतं, बाजारात तिकडचं मिळालं तर जरूर घ्यावं. इकडे लावणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. शेजारी बॉस्क किंवा आंजू जातीचं पेअर हवं. लाल आणि हिरवं बार्टलेट मुळात एकच झाड, त्यांचा पराग एकमेकांना उपयोगी पडत नाही. दुसरं म्हणजे फायर ब्लाइट हा रोग. बार्टलेटला तो फार लवकर लागतो, आणि लाल सालीने त्यात काही फरक पडत नाही. फुलोऱ्यानंतर शेंडा जळल्यासारखा काळा पडून वाकला, तर रोगट भागाच्या वीतभर खाली, निरोगी लाकडात काप द्यावा आणि दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. उद्यावर ढकललं तर मोठी फांदी जाते.

हिरवी कलमं बांधायचा बेत मी सोडून दिला आहे. उलट आता मार्चमध्ये फोन आले की मी लालच्या काड्या देऊ करते. त्या घेताना मी जपते. काडी तांबूस पालवीच्या, आदल्या वर्षी लाल फळ दिलेल्या फांदीवरचीच हवी, आणि पट्ट्याच्या फळाच्या जवळपासची नको. नाहीतर लाल म्हणून बांधलेलं कलम हिरवं निघायचं. जानेवारीअखेर, डोळे फुगायच्या आत, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापते, ओल्या कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवते. फ्रिजमध्ये सफरचंदं नसावीत, त्यांच्या वायूने डोळे मरतात. खुंट कोणता निवडायचा हे प्रत्येकीच्या जागेवर आहे. क्विन्सवर मात्र बार्टलेट थेट बांधू नये, ते जुळत नाही. या वर्षीच्या काड्या खालच्या कप्प्यात आहेत, आणि मार्चअखेरपर्यंत चांगल्या राहतील.