मुलाचा खांदा दुखतोय? आधी थ्रो मोजा

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यापासून माझ्या दवाखान्यात दुखऱ्या खांद्याची मुलं यायला लागतात. बहुतेक बारा ते पंधरा वर्षांची, बहुतेक क्रिकेट खेळणारी. अलीकडे भालाफेक करणारी एखाद-दुसरीही असतात. मी काही हाडांचा डॉक्टर नाही, पण ताप-खोकल्यापासूनची ओळख असल्यामुळे पालक आधी माझ्याकडेच येतात. मागणीही ठरलेली असते. "डॉक्टर, रविवारी मॅच आहे. एखादी चांगली गोळी द्या ना."

अशी गोळी मी का देत नाही, हे कळायला मुलांचा खांदा समजून घ्यावा लागेल.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीला टेकलेला चेंडू. बशी लहान, चेंडू मोठा. म्हणूनच हात चहूबाजूंनी फिरतो, पण तो चेंडू जागेवर धरून ठेवायचं काम स्नायूंवर आणि अस्थिबंधांवर येऊन पडतं. थ्रो करताना जोर लावणारे छातीचे आणि पाठीचे स्नायू चांगले दणकट असतात. चेंडू हातातून सुटल्यावर वेगाने पुढे निघालेल्या हाताला ब्रेक लावतात ते मात्र 'रोटेटर कफ'चे लहान स्नायू. ते दमले की सगळा ताण सांध्यावर येतो.

मुलांमध्ये याखेरीज आणखी एक नाजूक जागा असते. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला कूर्चेची ग्रोथ प्लेट असते आणि या हाडाची सुमारे ८० टक्के लांबी तिथूनच वाढते. वाढ पूर्ण होईपर्यंत ही प्लेट आजूबाजूच्या हाडापेक्षा कमकुवत असते. त्यामुळे ज्या ताणाने मोठ्या माणसाचा स्नायू दुखावतो, त्याच ताणाने मुलाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते. बेसबॉल खेळणाऱ्या देशांत हे इतकं ओळखीचं आहे की त्याचं नावच 'लिटल लीगर्स शोल्डर' पडलं आहे.

गेल्या वर्षी तेरा वर्षांचा एक मुलगा आला होता. उजव्या दंडाच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला, बोटाने दाबलं की कळ येत होती. "आठवड्यात थ्रो किती होतात?" असं मी विचारलं. वडील म्हणाले, "फार नाही, अकॅडमी तीनच दिवस असते." मुलगा गप्प होता. मग केसपेपरच्या मागच्या बाजूला आम्ही दोघांनी हिशोब मांडला. सकाळी शाळेच्या टीमचा सराव, संध्याकाळी अकॅडमी, रविवारी क्लबची मॅच, शिवाय सोसायटीतला खेळ. त्यात याचा हात चांगला, म्हणून तिन्ही ठिकाणी त्याला सीमारेषेवरच उभं करायचे. आकडा आठवड्याला साडेपाचशेच्या वर गेला. त्याआधी परीक्षेमुळे तीन आठवडे त्याने चेंडूला हातही लावला नव्हता.

तिन्ही कोच आपापल्या जागी बरोबर होते. बेरीज कोणी केली नव्हती.

दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढले तेव्हा उजवीकडची ग्रोथ प्लेट डावीपेक्षा रुंदावलेली दिसली. अस्थिरोगतज्ज्ञांनी तीन महिने थ्रो बंद सांगितला. जूनमधली निवड चाचणी हुकणार हे त्याला तिथेच कळलं. "डॉक्टरकाका, बॅटिंग तरी?" एवढंच त्याने विचारलं. दुखणं थांबल्यावर बॅटिंग सुरू झाली. धावणं, पायांचे व्यायाम चालूच होते. सप्टेंबरात दहा मीटरवरून हलके थ्रो सुरू केले आणि अंतर हळूहळू वाढवत नेलं.

अमेरिकेत २०१४ पासून 'पिच स्मार्ट' नावाचे नियम आहेत. ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त ८५ आणि १३-१४ वर्षांच्या मुलाने ९५ चेंडू टाकायचे. चौदापर्यंतच्या मुलाने ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. वर्षातून किमान चार महिने थ्रो बंद. हे आकडे बेसबॉलच्या पिचरसाठी आहेत, क्रिकेटला ते जसेच्या तसे लावू नका. उचलायची ती मोजायची सवय. आपल्याकडे बोलरच्या ओव्हर मोजल्या जातात, सीमारेषेवरून आलेले थ्रो कोणीच मोजत नाही. एक साधी वही करा, तिन्ही कोचना दाखवा. सुट्टीनंतर पहिल्या दिवसापासून पूर्ण जोर नको. पहिला आठवडा निम्म्यावरच ठेवा.

चेंडूचं वजनही बघा. पुरुषांचा क्रिकेट बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तेरा वर्षांखालील मुलांसाठीचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. आपल्या मैदानांवर दहा वर्षांचं पोरही मोठ्यांचाच चेंडू फेकताना दिसतं. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राने टोकियोत सुवर्ण जिंकल्यापासून भाल्याचंही आकर्षण वाढलं आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, अठरा वर्षांखालील मुलांचा ७०० आणि मुलींचा ५०० ग्रॅमचा असतो. त्याहून लहानांना आणखी हलका हवा.

व्यायामाचा उपयोग होतो का? होतो. नॉर्वेत हँडबॉलच्या ६६० खेळाडूंवर अभ्यास झाला. वॉर्म-अपमध्येच आठवड्यातून तीनदा दहा मिनिटांचे खांद्याचे व्यायाम केलेल्या संघांत खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी आढळला. रबरी बँड ओढून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं, खांद्याच्या फऱ्याचे स्नायू बळकट करणं, खांद्याची मागची बाजू ताणणं आणि कंबर-पाठ वळवण्याचे व्यायाम असं त्याचं स्वरूप होतं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. थ्रोचा जोर पायांतून आणि कमरेतून वर येतो, त्यामुळे नुसते डंबेल्स मारून भागत नाही.

आता त्या गोळीबद्दल. मॅचआधी वेदनाशामक घेतली की दुखणं दबतं, ग्रोथ प्लेटवरचा ताण तसाच राहतो, आणि 'थांब' म्हणणारा एकमेव आवाजही बंद होतो. थ्रो करताना दुखलं तर त्या दिवशी थ्रो बंद. आठवडाभर विश्रांती घेऊनही दुखत असेल, तर दोन्ही खांद्यांचा एक्स-रे.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, सूज किंवा हाताला मुंग्या असतील, तर मात्र आठवडाभर थांबू नका आणि थ्रोचा हिशोबही मांडत बसू नका. मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवा.