म्हातारी सफारी आणि रामदासपेठेतलं अंगण

रविवारी सकाळी सातला रामदासपेठ कशी दिसते, माहीत आहे? बहुतेक नसेल! कारण आपण इथे येतो ते एक तर डॉक्टरांची अपॉइंटमेंट असते म्हणून, नाही तर संध्याकाळी सेंट्रल बाजार रोडवर पार्किंग शोधत. पण रविवारी सकाळी इथे चक्क शांतता असते. औषधांच्या दुकानांची शटरं अर्धी खाली, लेंड्रा पार्ककडून फिरून येणारे आजी-आजोबा, आणि आमच्या गल्लीत बॉनेट उघडून उभी असलेली एक सफारी. बॉनेटमध्ये डोकं खुपसलेली मुलगी, ती मीच.

गाडी बाबांची. 2006 ची, तीन लिटरच्या डायकॉर इंजिनची, नंबर अर्थातच एमएच-31. टाटांनी सफारी आणली 1998 मध्ये. आमची गाडी आली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. पेंच, चिखलदरा, रामटेकचा गड... आमच्या अल्बममधल्या अर्ध्या फोटोंत मागे तिचं स्टेपनी लटकलेलं दार दिसतं. आता बाबांचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून किल्ली माझ्याकडे आली. आणि किल्लीसोबत सगळी टेन्शन्स!

पहिलं टेन्शन मे महिन्यात आलं. नागपूरचा मे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पारा 45 च्या घरात. शहरात गाडी ठीक चालायची, पण वर्धा रोडवर ऐंशीच्या पुढे गेलं, एसी लावला, की टेम्परेचरचा काटा सरसर वर. एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, मान हलवली आणि म्हणाले, ‘‘हेड गॅस्केट. इंजिन उघडावं लागेल. चाळीस-पंचेचाळीस हजार धरून चाला.’’

बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाले, ‘‘विकून टाक. भंगारवाला घरी येऊन नेतो म्हणे.’’ आवाज अगदी नॉर्मल होता. पण पेपरचं पान मात्र पंधरा मिनिटं उलटलं नाही.

मग मी मिस्त्री काकांना फोन केला. यांनी आयुष्यभर डिझेल गाड्या उघडल्या. आता दुकान मुलाकडे दिलंय. रविवारी लुनावरून आले, बॉनेटला हात लावायच्या आधी पाटावर बसून चहा प्यायले आणि मलाच प्रश्न विचारत सुटले.

‘‘सिग्नलवर उभी असली तं गरम होते का?’’

‘‘नाही काका.’’

‘‘म्हणजे पंखा बरा हाये. हायवेवर होते नं? मंग रेडिएटरची उष्णता बाहेर पडून नाही रायली. आता गॅस्केट पाहू.’’

बॉस, हा आहे खरा फंडा! उभ्या गाडीत रेडिएटरवर हवा ओढायचं काम पंखा करतो. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये गाडी तापली तर आधी पंख्यावर संशय घ्यायचा. वेगात हवा आपोआप मिळते, पण इंजिनही जास्त उष्णता सोडतं. तेव्हा काटा चढला, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलाय का ते बघायचं. गॅस्केट गेलं असेल तर त्याचीही लक्षणं असतात. ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा होतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात, कूलंट कारण नसताना कमी होतं. आम्ही एकेक बघितलं. ऑइल काळंच, धूर नाही, बुडबुडे नाहीत. गॅस्केट सुटलं निर्दोष!

मग काकांनी पुढची जाळी काढली. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे, मध्ये बोटभर फट. त्या फटीत वीस वर्षांची धूळ, वाळका पाला आणि किड्यांची चक्क गोधडी झाली होती! हवा जाणार कुठून?

साफ करायची पद्धतही काकांनीच शिकवली. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं परत जाते. प्रेशर हलकं ठेवायचं, नाही तर पातळ पत्रे वाकतात. दोन तास पाइप धरून बसले. अंगणातून काळं पाणी वाहत होतं आणि मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. टाकीच्या झाकणाचं रबरही तडकलेलं निघालं. हे झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणूनच कूलंट शंभर अंशांना उकळत नाही. झाकण सैल तर सगळंच सैल. नवं झाकण, नवं कूलंट आणि काकांची मजुरी धरून खर्च अडीच हजारांच्या आत!

घरी करून बघायचं असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. गरम गाडीचं झाकण कधीच उघडायचं नाही, वाफ तोंडावर येते. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही, आत क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटरच हवं. आणि जुनं कूलंट टबमध्येच काढायचं. ते चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. हो, फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे वेगळं सांगायला हवं का?

अपग्रेडचा मोह मलाही झालाच. मला हव्या होत्या पांढऱ्याफेक एलईडी लाइट्स. काका म्हणाले, ‘‘समोरच्याला आंधळा करशील बेटा.’’ त्याऐवजी हेडलाइटला वेगळा रिले आणि जाड वायर टाकली. जुन्याच बल्बना पूर्ण करंट मिळाला आणि रात्रीचा रस्ता दिसायला लागला. दुसरा खर्च टायरचा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण रबर म्हातारं. चारही बदलले.

पुढच्या रविवारी बाबांना शेजारी बसवलं आणि डबल डेकर पुलावरून थेट बुटीबोरी गाठली. भर दुपारी, एसी लावून. काटा मध्यावरून हलला नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दर दोन मिनिटांनी वाकून काटा बघत होते.

आता खरा प्रश्न. 2021 मध्ये नोंदणीचं नूतनीकरण झालं, ते पाच वर्षांचं. तेव्हा फी होती 600 रुपये. एप्रिल 2022 मध्ये पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारींसाठी ती 5 हजार झाली, ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्यांसाठी 10 हजार. जुनं डिझेल नव्यापेक्षा जास्त धूर सोडतं, हे मलाही पटतं. म्हणून रोजच्या कामाला मेट्रो आणि सफारी फक्त सुटीच्या दिवशी.

पण फीपेक्षा मोठी अडचण अंगणाची आहे. रामदासपेठेतले बंगले एकेक करून पडताहेत. कुठे हॉस्पिटल होतंय, कुठे सात मजले. आमचंही ठरलंय. दिवाळीनंतर घर पाडणार आणि दोन वर्षांनी फ्लॅट मिळणार. करारात पार्किंगची एक जागा आहे आणि नियमही आहे, पार्किंगमध्ये गाडी धुणं आणि दुरुस्ती बंद! जुनी गाडी घरी सांभाळायची तर पान्यांच्या सेटआधी लागते ती जागा. सांडलेलं ऑइल चालेल अशी, शेजारी ‘‘काय झालं?’’ म्हणून डोकावतील अशी.

काकांना हे सांगितलं. ते लुनाला किक मारत म्हणाले, ‘‘अंगण गेलं तं गेलं. माह्या घरी आण नं. तिथं माती हाये अजून.’’

सोमवारी मी फॉर्म भरला, दहा हजारांसह. संध्याकाळी बाबांनी विचारलं, ‘‘पुढच्या रविवारी काय करायचंय?’’

ब्रेक ऑइल, बाबा. तुम्ही पेडल दाबायला बसा. क्लचचं नाही, ब्रेकचं.