शून्य रुपयांचे आजोबा

गणिताच्या पुस्तकातली माणसं जन्मभर हौदाच्या तोट्या सोडत बसतात, सहलीला कधी जात नाहीत. तेव्हा सातवीतल्या चिरंजीवांना मी एसटीने महाबळेश्वरला जायचा खर्च मांडायला बसवलं. काटकसर म्हणून त्यांनी पहिल्या झटक्यात आजोबांनाच वगळलं! मग सवलती दाखवल्या : ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं, पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं.

‘‘बाबा, धाकटी मुलगीही आणि लहानही. अर्धा अधिक अर्धा, म्हणजे तीपण फुकट?’’

‘‘नाही रे, सवलत एकदाच!’’

आजोबा यादीत आले, बेरीज तेवढीच राहिली. ते एवढंच म्हणाले, ‘‘शून्याची किंमत शेजारच्या आकड्यामुळे असते, बाळ. मला खिडकी दे.’’