'नेफर' म्हणजे नाहीं

गार्डिनरचें १९२७ सालीं निघालेलें इजिप्शियन व्याकरण आमच्या हातीं आलें, तेव्हां आम्हांस प्रथम लळा लागला तो 'नेफर' या शब्दाचा. मूळ लिपींत तीन व्यंजनेंच: न, फ, र. स्वर लिहिण्याची त्या लोकांस चाल नव्हती. आपण मधें एकार घालतों तो केवळ उच्चाराच्या सोयीसाठीं. पुढें कॉप्टिक भाषेंत तो 'नूफे' होऊन राहिला. त्याचें चित्र म्हणजे हृदय आणि त्यावर उभी श्वासनलिका. अर्थ चांगला, सुंदर, परिपूर्ण.

विशेषण नामानंतर येतें एवढें सोडलें, तर त्याचें व्याकरण मराठी माणसास परकें वाटूं नये. पुल्लिंगीं नेफर, स्त्रीलिंगीं नेफरेत, अनेकवचनीं नेफरू, आपल्या 'चांगला-चांगली'प्रमाणेंच. १९१२ सालीं अमार्ना येथें जिचा अर्धपुतळा सांपडला, त्या नेफरतीती राणीचें नांव म्हणजे 'सुंदरी आली आहे' हें अख्खें वाक्यच होय. मात्र हाच शब्द विधेय होऊन वाक्याच्या आरंभीं बसला, कीं लिंगवचनाची पर्वा सोडतो. 'नेफर सू', तो चांगला. 'नेफर सी', ती चांगली. मग तो आपल्या 'सुंदर'सारखा कोणासाठींच बदलत नाहीं.

इतकें शिकून आम्ही खुशींत होतों. तोंच प्राचीन राज्यकाळच्या लेखांतील एक प्रयोग पुढें आला: 'नेफर न', म्हणजे चक्क 'नाहीं'! चांगल्याचा नकार कसा झाला? परिपूर्ण तें पुरें झालें, पुरें झालें तें संपलें, अशी पंडितांची उपपत्ति आहे. ती पटण्यासारखी आहे. पण आम्हांस ती पुस्तकाआधीं घरींच कळली होती.

आमची आत्या 'संपलें' हा शब्द कोणास उच्चारूं देत नसे. डब्यांतील तांदूळ संपले तर 'तांदूळ वाढले', बांगडी पिचली तर 'बांगडी वाढवली', निघतांना 'जातों' नव्हे, 'येतों'. बांगडी वाढली ती कोठें, असें आम्ही लहानपणीं विचारीत असूं आणि ती हंसत असे. पुढें तिचे यजमान गेले. त्या दिवशीं चार बायकांनीं तिच्या बांगड्या फोडल्या, आणि त्या वेळीं कोणीहि 'वाढवल्या' म्हटलें नाहीं. तांदळाची इतकी काळजी वाहणाऱ्या भाषेस त्या घटकेला आत्यासाठीं एक शब्द सुचूं नये, याचा राग आमच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं.

असो. इजिप्तचे गवंडी ज्या पायाच्या रेषेपासून वरखालीं हात मोजीत, तिलाहि 'नेफरू'च म्हणत. आणि 'बूलाक १८' या नांवाच्या पपायरसावर तेराव्या राजवंशांतील थीबिसच्या दरबाराचा रोजचा जमाखर्च आहे: भाकरी किती आल्या, बीअर किती, वांटल्या किती, उरल्या किती. आवक आणि खर्च जेथें तंतोतंत जुळले, तेथें शिल्लकेच्या जागीं कारकुनानें लिहिलें आहे, 'नेफर'.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षें आमच्याकडेच होती. महिनाअखेर रिकाम्या डब्यांत हात फिरवून ती स्वयंपाकघरांतून हांक मारी, "अरे, तांदूळ वाढले बरं का!"