वीस वर्षांची लेक, अ‍ॅपच्या लेखी अल्पवयीन

आम्ही खांदा कॉलनीत राहतो. धाकटी लेक सीकेटी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. वय वीस पूर्ण, पण चण बारीक, चेहरा गोल. मेंदीच्या ऑर्डरी घेते आणि गिऱ्हाईक बहुतेक एका अ‍ॅपवरूनच येतं.

ऐन लग्नसराईत त्या अ‍ॅपने वयाची खात्री मागितली. मोबाईल समोर धरून व्हिडिओ सेल्फी काढायचा, मान इकडे, मान तिकडे. थोड्या वेळाने निकाल आला: अठरा पूर्ण नाहीत! अनोळखी लोकांचे मेसेज बंद. म्हणजे ऑर्डरीच बंद. आधी ती हसली. रात्री मात्र जेवली नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, साडी नेसून, लिपस्टिक लावून परत काढ. मला ते पटेना.

माझा चुलतभाऊ दातांना तारा लावतो. चेहऱ्याची मापं हा त्याचा रोजचा धंदा. त्याने लेकीच्या चेहऱ्याला पट्टी लावली. भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत एक भाग, तिथून हनुवटीपर्यंत दुसरा. मोठ्या माणसात दोन्ही साधारण सारखे भरतात. हिचा खालचा आखूड निघाला. तो म्हणाला, "ताई, लहान मुलांचं कपाळ मोठं, जबडा इवलासा. वाढताना जबडा खाली-पुढे येतो. त्यामुळे सहाचं पोर आणि सोळाचं पोर मापांवरून कळतं. पण मुलींची ही वाढ सतरा-अठरापर्यंत जवळपास थांबते. पुढे पट्टी काय सांगणार?"

वकील मैत्रिणीने वेगळंच सांगितलं. बाल न्याय कायदा 2015, कलम 94. वयाबद्दल शंका आली की आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वगैरे वैद्यकीय तपासणी. त्या तपासणीतही दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच म्हटलंय. मग सेल्फीचं काय घेऊन बसलात, म्हणाली.

अ‍ॅपमध्ये तळाशी बारीक अक्षरात ओळखपत्र देण्याची सोय होती. आधार दिलं, ते परत आलं. लेकीच्या जुन्या कार्डावर नुसतं जन्मवर्ष आहे, तारीख नाही. तुमच्याही मुलांची कार्डं एकदा बघून ठेवा. आधार द्यायचंच तर पहिले आठ आकडे झाकलेलं द्या, ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं. शेवटी पॅन कार्ड चाललं. खिडकीपाशी, फ्लॅश न मारता कार्डाचा फोटो काढला.

खातं सुरू झालं. तोवर कामोठ्याची एक नवरी दुसरीकडे गेली होती.